मुलीसाठी पहिले पॅड्स कोणते घ्यावेत?

केतकीपान
लेक साडेदहाची आहे, पाचवीत. उंची गेल्या वर्षभरात भसाभस वाढली, छाती भरायला लागून दीडेक वर्ष झालं आणि आता निकरला पांढरं लागतंय, म्हणजे पाळी काही फार लांब नाही असं दिसतंय. तिला सगळं सांगून झालंय, तिला टेन्शन नाहीये, मलाच आहे :) घरात आणि दप्तरात पॅड्स आणून ठेवायचेत आणि मेडिकलमध्ये गेले तर भिंतभर पाकिटं. मी वर्षानुवर्षं एकच एक्सएल वापरतेय, मेडिकलवाला मला बघितलं की काढूनच ठेवतो, त्यामुळे बाकी बाजारात काय मिळतं याचा मला पत्ताच नाही. माझं एक पॅड तिच्या निकरला लावून बघितलं तर पुढून पोटापर्यंत मागून कमरेपर्यंत, ती म्हणे आई हे डायपर आहे का.

तर विचारायचंय की एवढ्या बारीक मुलीला साइज कुठला, कॉटनवालं घ्यायचं की ड्राय, ते ऑरगॅनिक म्हणून तिप्पट किमतीला मिळतं त्यात खरंच काही असतं का, आणि कापडी आत्तापासूनच द्यावं का? शाळेची बस सकाळी साडेसहाला, घरी यायला अडीच-तीन, म्हणजे शाळेत एकदा तरी बदलावं लागणारच. आम्ही ठाण्यात. पैशाचा फार प्रश्न नाही पण जाहिरातीचे पैसे उगीच द्यायचे नाहीयेत.

अवंती७८
सगळ्यात आधी एकच मोठं पाकीट आणू नकोस. दोन-तीन प्रकारची सगळ्यात छोटी पाकिटं आण आणि तिलाच हाताळू दे. माझ्या मुलीने मी आणलेलं चांगलं जाड मऊ कॉटनवालं बाजूला सारलं आणि पातळवालं उचललं, कारण काय तर जाडं घालून चालताना आवाज येतो म्हणे. आपल्या डोक्यात लीक होऊ नये एवढंच असतं, त्यांच्या डोक्यात कोणाला कळू नये हे असतं. आणि जे नावडतं ते मुली घालतात खऱ्या पण बदलत नाहीत, दिवसभर तसंच ठेवतात, ते जास्त वाईट.

आणि निकर बघ आधी. ढगळ निकर असेल तर जगातलं कुठलंही पॅड सरकणार. नीट अंगासरशी बसणाऱ्या, खालचा भाग जरा रुंद असलेल्या सुती पँटी आण, गडद रंगाच्या. फ्रिलवाल्या किंवा शॉर्टसारख्या असतात त्यांना विंग्ज (पॅडच्या दोन्ही बाजूंच्या चिकटपट्ट्या) नीट दुमडतच नाहीत.

भटक्या_बाबा
साइजबद्दल माझ्याकडून. मुलगी बारा वर्षांची, घरात आम्ही दोघंच, त्यामुळे हा अभ्यास मलाच करावा लागलाय :)

एल, एक्सएल, डबल एक्सएल यावर जाऊ नका. एका कंपनीचं एक्सएल दुसऱ्या कंपनीच्या एलएवढं निघतं. पाकिटावर कुठेतरी बारीक अक्षरात मिलीमीटरमध्ये लांबी लिहिलेली असते ती वाचायची. साधं रेग्युलर २३० ते २४० च्या आसपास, एक्सएल म्हणून जे मिळतं ते साधारण २८० आणि रात्रीचं म्हणून जे येतं ते ३२० च्या पुढे. बारीक मुलीला दिवसा २४० विंग्जवालं पुरतं, रात्री २८०. घरी पट्टी घेऊन तिच्या निकरचा मधला भाग मोजा की लगेच अंदाज येतो. मी दुकानात उभा राहून पाकिटं उलटीपालटी करून वाचत होतो तेव्हा काउंटरवरचा पोऱ्या दोनदा येऊन विचारून गेला की साहेब काय हवंय, तिसऱ्यांदा त्याने स्वतःच काळी पिशवी आणून ठेवली.

कोल्हापुरी_ठसका
@भटक्या_बाबा, लै भारी! काळी पिशवी परत देऊन यायची हो त्याला. आमच्याकडं पेपरात गुंडाळून वर काळी पिशवी आणि त्याला वर गाठ, आणि मग घरी येऊन कपाटात साड्यांच्या मागं. माझ्या तिघी मुली, मी पाकीट उघडं आणते आणि बाथरूममधल्या फळीवर शाम्पूशेजारी ठेवते. सासूबाई पहिले चार दिवस बोलल्या, मग गप.

केतकी, एक गंमत करून बघ लेकीबरोबर, आम्ही केलेली. ओट्यावर पेपर पसरायचा, वेगवेगळी पॅड्स ठेवायची, प्रत्येकावर दोन चमचे पाणी सोडायचं, मिनिटभर थांबायचं आणि वरून टिश्यू दाबून बघायचं कुठलं ओलं लागतंय. मग कात्रीनं मधून कापायचं. जाड असतं त्यात कापसासारखा लगदा निघतो, पातळ असतं त्यात साखरेच्या कणांसारखे बारीक दाणे असतात ते पाणी पिऊन टम्म फुगून जेली होतात. धाकटी तर ती जेली बोटावर घेऊन नाचत होती. जाहिरातीत निळं पाणी ओततात ना, पोरींना वाटतं तेवढं येतंय की काय! ती भीती तिथल्या तिथं जाते आणि पॅड कसं धरायचं, कुठला कागद काढायचा, विंग्ज कुठं दुमडायच्या हे हसतखेळत होऊन जातं.

स्टेथोस्कोप
वरचा ओट्यावरचा प्रयोग मला फार आवडला, मी पेशंट्सना सांगणार आहे. (मी स्त्रीरोगतज्ज्ञ, पण इथे कोणाला तपासत नाहीये, सर्वसाधारण सांगतेय.)

केतकीपान, तुम्ही जे लिहिलंय ते अगदी वेळेवर चाललंय. छाती वाढायला लागल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते आणि पांढरं जायला लागलं की पुढच्या सहा महिने ते वर्षभरात. तोपर्यंत पांढऱ्यासाठी रोज पॅड किंवा लायनर (अगदी पातळ छोटं पॅड) लावायची सवय अजिबात लावू नका, सुती निकर दिवसातून दोनदा बदलली की झालं.

पॅड निवडताना आधी किती जातं ते लक्षात घ्या. पूर्ण पाळीत मिळून साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं, ८० मिलीच्या वर गेलं तर ते आम्ही जास्त धरतो. आणि पहिली पाळी म्हणजे पुष्कळदा नुसते तपकिरी डाग असतात, लाल रक्त नसतंच, मुलींना वाटतं शी लागली आणि त्या लाजून निकर धुऊन टाकतात, कोणाला सांगतच नाहीत. हे तिला आधीच सांगून ठेवा. त्यामुळे सुरुवातीला साधं २४० चं पॅड भरपूर झालं.

पण डाग कमी आहे म्हणून एकच पॅड दिवसभर ठेवायचं नाही. चार ते सहा तासांनी बदलायचंच. घाम, ओल आणि घासणं यानेच जांघेत रॅश येतो, वास येतो. बारा तास टिकेल असं पाकिटावर लिहितात ते शोषण्याबद्दल आहे, त्वचेबद्दल नाही.

सुगंधी पॅड कुठल्याही कंपनीचं नको. त्या जागेला वासाची गरज नाही आणि लहान मुलींची त्वचा नाजूक असते.

केतकीपान
अरे वा किती पटापट उत्तरं! निकरचा मुद्दा डोक्यातच नव्हता, तिच्या सगळ्या ढगळच आहेत. पट्टीने मोजते आजच.
डॉक्टर, कॉटन आणि ड्रायमध्ये तुम्ही काय सुचवाल?

स्टेथोस्कोप
ड्राय म्हणजे वर बारीक भोकांची प्लास्टिकची जाळी असते, ओल पटकन खाली जाते, वरून कोरडं लागतं. पण आपल्याकडच्या दमट हवेत ती जाळी चिकटते आणि काही मुलींना कातडी लाल होते. कॉटनी म्हणतात त्यावर मऊ कापडासारखा थर असतो, थोडं ओलसर लागतं पण टोचत नाही. ठाण्या-मुंबईत मी मऊवालं आधी वापरून बघा म्हणेन. आणि हो, कॉटनी म्हणजे कापूस नव्हे, तो थरही बहुतेक वेळा सिंथेटिकच असतो. खरा कापूस असेल तर पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

हिरवाचाफा
ऑरगॅनिकबद्दल विचारलंय म्हणून. ऑनलाइन मिळणारे दोन-तीन ब्रँड मुलीसाठी मागवले. एकाचा वरचा थर ऑरगॅनिक कापूस आणि आत तेच लगदा आणि जेल, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं सगळं. म्हणजे खोटं नाही बोलत पण पुढच्या बाजूला पानं-फुलं काढून असं वाटायला लावतात की झाडावरूनच तोडून आणलंय. त्वचेला रॅश येणाऱ्या मुलीसाठी वरचा थर कापसाचा असला तर फरक पडतो, आमच्याकडे पडला. ज्यांना साध्याने काही होत नाही त्यांनी कशाला तिप्पट द्यायचे.

बाकी केमिकलची भीती घालणारे व्हॉट्सअॅप फॉरवर्ड फार फिरतात. त्यातलं खरं एवढं की २०२२ साली दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक संस्थेने बाजारातले दहा ब्रँड तपासले आणि त्यात थॅलेट्स (प्लास्टिक मऊ करायला वापरतात ती रसायनं) आणि हवेत उडून जाणारी काही रसायनं सापडली, आणि ती ऑरगॅनिक म्हणवणाऱ्यांतही सापडली. म्हणजे महाग घेतलं की सुटलो असं नाही.

स्टेथोस्कोप
बरोबर. सापडली याचा अर्थ अंगात किती जातात आणि त्याने काय होतं हे ठरलं असा होत नाही. त्यावर पाळीच्या पहिल्याच वर्षी मुलीला घाबरवून सोडू नये. बिनवासाचं घ्या, वेळेवर बदला.

शाळाबाई
मी झेडपीच्या शाळेत आहे, सोलापूर जिल्हा, सातवी-आठवीच्या मुली. वरची चर्चा वाचून बरं वाटलं पण मला असं वाटतं की निम्मा प्रश्न पॅडचा नसून शाळेच्या बाथरूमचा आहे. कडी नाही, पाणी बाहेरच्या टाकीतून बादलीने आणायचं, डबा नाही, असला तर झाकण नाही. कुठे कुठे पॅड जाळायचं मशीन बसवलंय, उद्घाटनाचा फोटो झाला आणि मग वायर तुटली ती तुटलीच. मुली सकाळी घरून लावून येतात ते संध्याकाळी घरी जाऊन बदलतात आणि पाणी प्यायचंच बंद करतात, की लघवीला जायला नको. तेव्हा शहरातल्या आयांनीसुद्धा आधी शाळेत जाऊन मुलींचं बाथरूम स्वतः बघून यावं, भारी इंग्लिश मीडियम असलं तरी. डबा आहे का, कडी लागते का, दप्तर किंवा पाउच अडकवायला खुंटी आहे का. खुंटी नसेल तर गळ्यात अडकवता येईल असा पट्टा असलेलं पाउच शिवा, ओल्या फरशीवर काही ठेवावं लागत नाही.

माझ्या कपाटात मी नेहमी पाकीट ठेवते. २०१८ च्या महिला दिनाला अस्मिता योजना आली तेव्हा झेडपीच्या मुलींना आठ पॅड्सचं पाकीट पाच रुपयांना, बचत गटाच्या बायकांकडून मिळायचं. गेल्या काही वर्षांत इथे पुरवठा कधी आहे कधी नाही असं झालंय, मग मी सरकारी जनऔषधी दुकानातून ‘सुविधा’ नावाचं पॅड आणते. ते २०१८ मध्ये अडीच रुपयाला एक होतं आणि ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला एक. लहान आहे, पातळ आहे, पण शाळेतल्या अडचणीला घरी जाईपर्यंत निभावतं.

जुनं_वळण
दहा वर्षांच्या पोरीला आत्तापासून एवढं सगळं दाखवायची काय गरज आहे? आमच्या वेळी आलं की आई सांगायची, आमचं काही अडलं का. मुलांचं बालपण राहू द्या की जरा.

कोल्हापुरी_ठसका
अडलं होतं हो काकू. मी शेतात होते आणि मला वाटलं मला कायतरी रोग झाला, विहिरीच्या मागं बसून रडत होते. माझ्या थोरलीला सहावीत वर्गात आली तर तिनं बाईंना जाऊन सांगितलं, बाथरूममध्ये जाऊन दप्तरातलं लावलं आणि गणिताच्या तासाला परत येऊन बसली. कुणाचं बालपण राहिलं सांगा.

जुनं_वळण
बरं बाई. तुमचं खरं. गणिताच्या तासाला तरी सुटी घ्यायची की तिने.

सुतीधागा
आता माझा नंबर :) कापडी पॅडबद्दल. मी बरीच वर्षं वापरतेय, माझी मुलगी आता नववीत आहे तीही. आजीच्या जुन्या लुगड्याच्या घड्यांशी याचा संबंध जोडू नका, शिवलेलं असतं, विंग्जना टिचबटण असतं, आत फ्लॅनेलचे थर आणि खाली न झिरपणारं कापड. ऑरोव्हिलच्या इकोफेमचे आमच्याकडे आहेत, आणि बचत गट शिवतात तेही घेतले. रॅश गेला, महिन्याचा खर्च गेला, कचरा गेला.

पण केतकी, पहिल्या महिन्यापासून कापडीच द्यायचं असा हट्ट धरू नकोस. शाळेत बदललं की वापरलेलं पाउचमध्ये गुंडाळून घरी आणावं लागतं, ते दहा-अकरा वर्षांच्या मुलीला जड जातं. आमच्याकडे घरी असताना आणि रात्री कापडी, शाळेत विकतचं असं चाललं आणि मग आठवीत तिने स्वतःहून शाळेतही सुरू केलं. धुवायचं कसं तर आधी थंड पाण्यात भिजत, गरम पाणी लगेच घातलं तर डाग पक्के बसतात, मग साध्या साबणाने चोळून खळखळून धुवायचं आणि उन्हात. घरातल्या बाकीच्या कपड्यांबरोबर, दोरीवर, वर टॉवेल बिवेल न झाकता.

अवंती७८
सुती, सगळं पटतं पण जून ते सप्टेंबर काय करतेस? आमच्याकडे बोरिवलीला जीन्स तीन दिवस वाळत नाही, तुझे ते फ्लॅनेलचे थर कधी वाळणार. अर्धवट ओलं घातलं तर फंगलच व्हायचं.

सुतीधागा
खरंय, कोकणपट्टीत पावसाळा हा मोठाच प्रश्न आहे. पंख्याखाली वाळवून मग इस्त्री, आतपर्यंत कोरडं झालंय हे हाताला कळतं. ज्यांचे थर उलगडून वेगळे होतात तसे घेतले की लवकर वाळतात. आणि नाहीच वाळलं तर त्या महिन्यात विकतचं घ्यायचं, कोणी शपथ घातली नाहीये.

न्यूजर्सीकर
इथे पाकिटावर १ ते ५ नंबर असतात, कमी फ्लोपासून रात्रीच्यापर्यंत, मुलीला मी फक्त एवढंच सांगितलं की शाळेत १ किंवा २, झोपताना ४. शाळेत नर्सकडेही मिळतात. पण आम्हाला सगळ्यात उपयोगी पडली ती पीरियड पँटी, म्हणजे पॅड आतच शिवलेली धुवायची पँटी. मैत्रिणीकडे राहायला जायचं असलं की ती घालून जाते. इथे बऱ्याच मुली पोहण्यासाठी टॅम्पॉन (योनीत आत ठेवायचा शोषक बोळा) लवकर सुरू करतात. माझा विरोध नाही, पण ते आठ तासांच्या वर ठेवायचं नाही हे पक्कं डोक्यात बसवल्याशिवाय देऊ नये, टॉक्सिक शॉक (जंतूंचं विष अंगात भिनून होणारा आजार) क्वचित होतो पण झाला तर जिवावर बेततं.

आम्ही सुट्टीत पुण्याला येतो तेव्हा तिचे पॅड्स बॅगेत भरून आणायचो, आता गरज नाही, भारतात व्हरायटी जास्त आहे इथल्यापेक्षा.

भटक्या_बाबा
पीरियड पँटीवरून आठवलं. आपल्याकडे मेडिकलमध्ये डायपरसारखी डिस्पोजेबल पँटीही मिळते, दोनच्या पाकिटात. महाग आहे, रोजसाठी नाही, पण शाळेची सहल, रात्रीची एसटी किंवा ट्रेन, लग्नाचं घर जिथे वीस माणसं आणि एक संडास, अशा वेळी मुलगी निवांत झोपते. आमची सहल रायगडला होती, तिने आपणहून मागून घेतली.

एक विचारायचं होतं. मुलगी माझ्याशी पॅडबद्दल बोलते पण दुखण्याबद्दल नाही. पोटात दुखत असावं, झोपून असते पण विचारलं की काही नाही. औषध परस्पर द्यावं का?

स्टेथोस्कोप
परस्पर नको. गरम पाण्याची पिशवी द्या, चालत-फिरत राहू द्या, आणि एकदा डॉक्टरांकडे नेऊन तिच्या वजनाप्रमाणे गोळी लिहून घ्या, मग ती घरात ठेवा. शाळा बुडण्याइतकं दुखत असेल तर पाळीत दुखतंच असं म्हणून सोडून देऊ नका. आणि तुम्ही विचारताय हे तिला दिसतंय, ते पुरेसं आहे, उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. एखादी वही किंवा कॅलेंडर ठेवा जिथे ती तारीख आणि दुखलं तर एक खूण करेल.

तारखेवरून सगळ्यांसाठी. पहिली दोन-तीन वर्षं पाळी घड्याळासारखी येत नाही, २१ ते ४५ दिवसांच्या मध्ये कितीही अंतर चालतं, त्यामुळे दप्तरात पाउच कायमच हवं. डॉक्टरकडे कधी यायचं तर दर तास-दोन तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, सात दिवसांच्या वर जात असेल, मोठ्या गाठी पडत असतील, चक्कर येत असेल. अशा वेळी नुसतं मोठ्या साइजचं पॅड आणून भागवू नका. काही मुलींमध्ये रक्त न गोठण्याचा वॉन विलेब्रँडसारखा आजार पहिल्या पाळीलाच लक्षात येतो, आणि हिमोग्लोबिन तर आपल्याकडे कित्येक मुलींचं कमीच असतं. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही तरी दाखवा, आणि आठच्या आधी छाती वाढायला लागली तरी दाखवा.

केतकीपान
निकर मोजल्या, २४० बरोबर बसतंय. तिलाच दुकानात घेऊन गेले, तिने मऊवालं एक छोटं पाकीट आणि एक पातळवालं उचललं, काउंटरवर स्वतः ठेवलं. काळी पिशवी नाही घेतली :)
आता पाउचमध्ये काय काय ठेवू? आणि वापरलेलं टाकायचं कसं हे शाळेसाठी नीट शिकवायचंय.

अवंती७८
दोन पॅड, एक जास्तीची निकर, थोडे जुने वर्तमानपत्राचे तुकडे, ओली निकर ठेवायला एक झिपची पिशवी. ओले वाइप्स सुगंधी नकोत, साधा रुमाल ओला करून चालतो. आणि युनिफॉर्मचा स्कर्ट पांढरा असेल तर आत गडद शॉर्ट. पीटीच्या दिवशी पांढरी पँट असते ना, ज्याने ठरवली त्याला भेटायचंय मला एकदा.

हिरवाचाफा
टाकण्याबद्दल. कमोडमध्ये कधीच नाही, ते जेल फुगतं आणि मजल्याची पाइपलाइन तुंबते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मग नाव न घेता भाषण ऐकावं लागतं. वापरलेलं घडी करून नव्या पॅडच्या वेष्टणात गुंडाळायचं, त्यावर कागद. पुण्यात ‘स्वच्छ’ नावाच्या संस्थेच्या कचरावेचक बायकांनी सांगितलेली पद्धत मला आवडते, कागदात गुंडाळायचं आणि वर लाल पेनाने मोठा ठिपका काढायचा, म्हणजे कचरा वेगळा करणारीला उघडून बघावं लागत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमात कंपन्यांनी टाकण्यासाठी पिशवी द्यायची असं सांगितलं होतं, काही पाकिटांत येते काहींत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून देऊ नका, त्या बायकांना ती फोडावी लागते.

मुलीला एवढं सांगितलं की कळतं की आपल्या घरच्या कचऱ्याला कोणाचा तरी हात लागतो. माझी आता भावाच्या घरी जाऊनही लाल ठिपके काढते.

मोगरीचं_तळं
धागा शोधत आले आणि सगळा वाचून काढला. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, इथेच विचारते. मुलगी बारा वर्षांची, ऑटिझम आहे, बोलते पण थोडं. अंगाला नवीन काही लागलं की काढून फेकते, कपड्याचं लेबलसुद्धा कापावं लागतं. पॅड ठेवेल का याची धास्ती आहे. कोणाला अनुभव?

स्टेथोस्कोप
पाळी यायच्या आधीपासून सराव सुरू करा. आधी पॅड नुसतं हातात, मग निकरला लावून कपाटात, मग दहा मिनिटं घालून तिचं आवडतं काही चालू असताना. वेळ हळूहळू वाढवा. पाकिटाचा चरचर आवाज सहन होत नसेल तर पॅड्स आधीच उघडून डब्यात ठेवा. कडा टोचत असतील तर विंग्जशिवायचं बघा, नाहीतर सरळ पीरियड पँटी, कारण ती तिला नेहमीच्या निकरसारखीच वाटेल. काही मुलींना तीच एक जमते.

शाळाबाई
आमच्या शाळेत अशी एक मुलगी होती. तिच्या आईने निकरच्या आत पॅडच्या आकाराची रेघ मार्करने काढून दिली होती, त्या रेघेत पॅड बसवायचं एवढंच तिला शिकवलं. आणि बाथरूमच्या दाराच्या आतून चार चित्रं चिकटवली होती, काढा, गुंडाळा, डब्यात टाका, नवीन लावा. घड्याळावर लाल टिकली लावून कधी बदलायचं ते. दोन-चार महिने आई आणि आम्ही मागे होतो, नंतर तिचं ती करायची.

मोगरीचं_तळं
रेघेची कल्पना किती सोपी आहे, चित्रं तिला आवडतातच. आजच करते. मार्कर धुतल्यावर जात नाही ना?

कोल्हापुरी_ठसका
जातो ओ, दोन धुण्यात फिका पडतो. रंगीत दोऱ्यानं बारीक धावदोरा घाल, गाठ बाहेरच्या बाजूनं, आत टोचायला नको. एकदाच सहा-सात निकरा करून ठेव.